पावसाळा, वन बीएचके आणि एकोणीस महिन्यांची चिऊ: घरातल्या घरात काय खेळवता?

ओलीसुकी | ७ जुलै, रात्री ११:४०

लेक आत्ता कुठे झोपलीय, म्हणून हा धागा काढतेय. आधी असा धागा असेल तर लिंक द्या, मला शोधून सापडला नाही.

आम्ही डोंबिवलीत राहतो. तिसरा मजला, वन बीएचके. घरात मी, नवरा, साबा (सासूबाई) आणि चिऊ. मेअखेरपर्यंत रोज संध्याकाळी सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत तासभर जायचो. आता तिथे तळं झालंय आणि डासही. त्यामुळे गेला महिनाभर स्वारी घरात.

परवा बूस्टरला नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, वजन-उंची छान, चालतेय छान, पण हिला कडेवरून खाली उतरवा जरा. मला ते लागलं, कारण खरंच आहे. सोफ्यावर चढली की साबा "पडेल गं, पडेल!" करत उचलतात. तिथून सुटली की टीव्हीच्या कपाटाकडे पळते, तिथून मी उचलते. संध्याकाळी नवरा दारातूनच उचलतो. दिवसभर पार्सलसारखी या हातातून त्या हातात.

ऑनलाइन एक ॲक्टिव्हिटी बॉक्स मागवला होता. त्यात दोऱ्या, मणी आणि फेल्टचे प्राणी. पहिल्या पाच मिनिटांत मणी तोंडात. साबांनी अख्खा डबा माळ्यावर टाकला, आणि मला भांडायला तोंड राहिलं नाही.

अटी अशा: जागा कमी, खर्च नको, साबांचे गुडघे दुखतात त्यामुळे त्यांना तिच्यामागे पळता येत नाही. आणि खालच्या मजल्यावरून दोनदा निरोप आलाय, दुपारी दीड ते चार काही आपटू नका म्हणून. सांगा आता.

---

खारुताई | ८ जुलै, सकाळी ७:१५

अगं, सगळ्यात आधी पलंगावरची गादी खाली घे. खरंच. आमच्याकडे दोन वर्षं गादी जमिनीवरच होती, पाहुणे काय म्हणायचे ते म्हणाले.

गादीवर उशा, लोड, गुंडाळलेली रजई असं काहीही टाक आणि वर चादर पसर. झाला डोंगर. तिला एका टोकाला सोड, दुसऱ्या टोकाला तिची बाहुली ठेव. रांगत, घसरत, धडपडत जाते. मऊ उंचसखल जागेवरून चालताना पोरं जो तोल सांभाळतात, तो सपाट फरशीवर कधीच सांभाळावा लागत नाही. शिवाय पडली तरी आवाज नाही, खालच्यांचा प्रश्न मिटला.

दुसरं म्हणजे चादरीची गाडी. जुनी चादर फरशीवर पसरायची, तिला मधोमध बसवायचं आणि हळूहळू ओढायचं. एक फेरी झाली की उलट करायचं: चादरीवर उशी ठेवायची आणि ओढायचं तिने. आमचा लेक आजीची साडी वाळत घातलेली काढून त्यावर मांजर ओढत होता, तेव्हा मात्र जरा जास्तच झालं. :)

---

बोरकूट | ८ जुलै, सकाळी ९:०२

पांगुळगाडा आणा हो! आमच्या तिन्ही मुलांना आणि आता नातवाला तोच. सावंतवाडीच्या चितारआळीतून आणलेला आहे, लाल-पिवळा, तीन चाकांचा. मुलगा-सून दोघं म्हणत होती वॉकर घेऊ, मी म्हटलं तुमच्या घरात तुम्ही घ्या, माझ्या घरात हाच चालेल.

---

निळाई | ८ जुलै, सकाळी ९:४०

@बोरकूट काका, वॉकरला एवढं काय? आमचा आरव वॉकरमध्ये सातव्या महिन्यापासून आणि अकराव्या महिन्यात चालायला लागला. मला तेवढ्यात स्वयंपाक करता यायचा. ज्या आईला मदतनीस नाही तिला विचारा वॉकरची किंमत.

---

चंपक_चाळीसगावकर | ८ जुलै, सकाळी १०:१८

आम्ही पाच भावंडं. वॉकर नाही, ॲक्टिव्हिटी नाही, डॉक्टरही नाही. अंगणात सोडून द्यायचे. सगळे चालतो अजून. हलके घ्या.

---

खारुताई | ८ जुलै, सकाळी १०:२५

@चंपक, अंगण होतं ना पण! हिला तिसऱ्या मजल्यावरून कुठल्या अंगणात सोडायचं?

---

गुडघ्यावर_बाई | ८ जुलै, दुपारी २:५०

नावावरून ओळखलं असेल, मी फिजिओथेरपिस्ट आहे. लहान मुलांबरोबरच काम करते आणि दिवसातला अर्धा वेळ गुडघ्यावरच असते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी वॉकर. @निळाई, तुमचा राग समजतो, पण आरव वॉकरमुळे चालला नाही, वॉकर असूनही चालला. वॉकरमध्ये मूल बसून, पायाच्या बोटांनी रेटत पुढे जातं. वजन तळपायावर येत नाही, आपले पायही त्याला दिसत नाहीत, आणि तोल सांभाळायचं काम गाडी करते, मूल नाही. वर वेग असा की आपण गॅसवरून वळेपर्यंत ते जिन्यापाशी पोचलेलं असतं. कॅनडाने २००४ साली याच्या विक्रीवर बंदी घातली ती अपघातांमुळेच. पांगुळगाड्याचं उलट आहे. मूल उभं असतं, स्वतःच्या पायांवर, आणि ढकलतं. थांबलं की गाडा थांबतो.

पण बोरकूट काका, एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल, कारण तुमची मुलं शेणानं सारवलेल्या जमिनीवर किंवा शहाबादी फरशीवर चालली असतील. आताच्या गुळगुळीत टाइल्सवर पांगुळगाडा मुलाच्या हातून सटकन पुढे पळतो आणि मूल तोंडावर आपटतं. गाड्यावर दोन-तीन किलो तांदळाची पिशवी घट्ट बांधा आणि चाकांना जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळा. मग तो अडखळत चालतो, आणि अडखळतच चालायला हवा.

आता ओलीसुकी, तुझं. चिऊ चालतेय, म्हणजे गाड्याचा प्रश्नच नाही. मी आईवडिलांना खेळांची यादी देत नाही, ती आठवड्यात संपते. ढकलणं, ओढणं, उचलून नेणं, चढणं, उतरणं आणि उकिडवं बसून परत उठणं, एवढं दिवसभरात होतंय ना ते बघ. हे सगळं तुझ्या घरात आहे.

कपड्यांचा टब घे. अर्धा भर, म्हणजे हलकाही नाही आणि जडही नाही. बेडरूमपासून बाल्कनीच्या दारापर्यंत तिला ढकलू दे. कंबर, पोट, खांदे, सगळं लागतं त्याला. बाल्कनीत पोचली की टब रिकामा करायचं काम तुझं, मोकळा टब परत आणायचं तिचं.

चिमटे फरशीवर पसर, आणि डबा ठेव खुर्चीवर. खाली बसायचं, चिमटा उचलायचा, उठायचं, खुर्चीपाशी जायचं, टाकायचा. आपण जिममध्ये पैसे देऊन जी उठाबैठक करतो तीच, वीस वेळा, हसत हसत. डबाही खाली ठेवलास तर मूल बसल्या जागी सगळं उरकतं, मग काही उपयोग नाही. चिमटे मोठे घे, तारेची स्प्रिंग निघालेले आधीच बाजूला काढ.

सोफ्यावर चढणं थांबवू नकोस, उतरायला शिकव. हे महत्त्वाचं. मुलं तोंड पुढे करून उतरतात म्हणून पडतात. ती सोफ्याच्या कडेला आली की "पाय आधी" म्हणायचं, कंबरेला धरून हळूच फिरवायचं, पोटावर झोपवायचं आणि पाय खाली सोडू द्यायचे. तळपाय फरशीला टेकेपर्यंत हात काढायचा नाही. दिवसात दहा वेळा केलंस तर चार-पाच दिवसांत स्वतःच वळायला लागते. एकदा हे आलं की सासूबाईंना "पडेल गं" म्हणावं लागणार नाही. पलंग, पायरी, दिवाण, सगळ्याला तेच लागू.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे १ ते २ वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं हालचाल व्हायला हवी. घाबरू नका, ते सलग नाही. वर सांगितलेलं सगळं त्यात धरायचं. आणि बाबागाडीत किंवा खुर्चीत बांधून एका वेळी तासापेक्षा जास्त ठेवू नये, हेही त्यातच आहे.

---

ओलीसुकी | ८ जुलै, रात्री १०:५५

बाई, तुमचे पाय कुठे आहेत!

आज टब केला. साबांनी आधी "कामवाली करून ठेवलीस पोरीला" म्हणून टोमणा मारला, आणि चौथ्या फेरीला स्वतःच पंचा टबात टाकून "हा पण ने गं आजीचा" म्हणाल्या. चिमट्यांमध्ये गंमत झाली. तिला चिमटे खुर्चीवरच्या डब्यात टाकायचे नाहीत, साबांच्या पदराला लावायचे आहेत. लावता येत नाहीत, नुसते दाबून धरते आणि सोडते. उठाबशा मात्र भरपूर झाल्या.

एक विचारायचं राहिलं. साबा म्हणतात तिचे पाय फेंगडे आहेत, दोन गुडघ्यांत फट दिसते, लंगोट जास्त बांधल्यामुळे. काही करायला हवं का?

---

गुडघ्यावर_बाई | ९ जुलै, सकाळी ८:१०

साधारण दोन वर्षांपर्यंत पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले दिसतात. मग तीन-चार वर्षांचं असताना उलट, गुडघे एकमेकांना घासतात. सात-आठ वर्षांपर्यंत सरळ होतात. लंगोटाचा त्यात काही दोष नाही. तळपायही या वयात सपाटच दिसतो, कमान नंतर येते. एकाच पायाचा बाक जास्त असेल, किंवा दोन वर्षांनंतर तो वाढत चालला असेल, तर दाखवायचं. तोवर घरात अनवाणी चालू दे, ओल्या फरशीवर सोडून. चूं चूं वाजणारे बूट आजीने आणले असतील तर फोटोपुरते.

---

सातारी_कंदील | ९ जुलै, सकाळी ११:३३

आमच्याकडं पोरगं दोन वर्षांचं, मिसेस शाळेत शिकवतात, दिवसा मी आणि आई. आई त्याला भाजी निवडायला बसवते. मेथीच्या जुडीतली पानं खुडायची. पहिल्या दिवशी देठ आमच्या ताटात आणि पानं त्याच्या तोंडात असला हिशेब होता. आता बरोबर खुडतंय. मटार सोलताना दाणं मात्र मोजून ठिवावं लागत्यात, नाकात जायला वेळ लागत नाही.

कणीक मळताना एक गोळा त्याचा. थापायचा, लाटायचा, फाडायचा. शेवटी तो गोळा कुत्र्याला.

---

हिमकण | ९ जुलै, संध्याकाळी ६:२०

मिनेसोटातून लिहितेय. तुमचा पावसाळा तसा आमचा हिवाळा, नोव्हेंबर ते मार्च. मुलीला बाहेर काढायचं तर तिला कपडे चढवण्यात पंचवीस मिनिटं आणि बाहेर दहा मिनिटं.

आम्ही फरशीवर कागदी चिकटपट्टीची एक लांब रेघ मारून ठेवलीय, सरळ, मग वळणाची, मग नागमोडी. रेघेवरून चालायचं, कधी हातात चमचा आणि चमच्यात बटाटा. दोन वर्षांच्या मुलीला रेघेवर नीट चालता येत नाही, ते अपेक्षितही नाही, पण खाली बघून पाऊल टाकायचा प्रयत्न करते. मोज्यांची जोडी गुंडाळून चेंडू करतो, टीव्ही सलामत राहतो.

जाता जाता, एक सावधगिरीची गोष्ट सांगते. नवरा आणि मी दोन बाजूंनी हात धरून तिला "एक, दोन, तीन, हुप्प" करत झुलवायचो. सगळेच करतात. एक दिवस ती एकदम रडली आणि डावा हात लटकवून बसली. कोपर. डॉक्टरांनी क्षणात बसवलं, पाच मिनिटांत ती खेळायला लागली, पण मी रात्रभर जागी.

---

गुडघ्यावर_बाई | ९ जुलै, रात्री ९:०५

@हिमकण, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये हे वरचेवर दिसतं. मनगट धरून झुलवणं, रस्ता ओलांडताना एका हाताने खसकन ओढणं, फ्रॉकच्या बाहीतून हात जोरात काढणं, यात कोपरातलं हाड किंचित सरकतं. झुलवायचंच असेल तर काखेत धरून. आणि असं झालं तर घरी हात फिरवून, चोळून बसवायला जाऊ नका, डॉक्टरकडे न्या.

तसंच वर उडवून झेलणं. आपल्या घरांत छत खाली आणि पंखा चालू असतो. पंख्याखाली मुलाला वर उचलायचंच नाही, हा नियम करून टाका. आणि खांद्यावर घेऊन दारातून जाताना चौकट विसरू नका.

---

शून्यप्रहर | ११ जुलै, पहाटे १:४७

धागा वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

आमचा मुलगा २० महिन्यांचा आहे. धरून उभा राहतो, सोफ्याच्या कडेने सरकतो, पण सोडून एक पाऊलही टाकत नाही. घरी सगळे म्हणतात मुलगे उशिरा चालतात, तुझा काका दोन वर्षांनी चालला. बायको रोज रडते. मी तिला समजावतो आणि मग रात्री मोबाईलवर हेच शोधत बसतो.

---

गुडघ्यावर_बाई | ११ जुलै, सकाळी ७:३०

बरं झालं लिहिलंत.

सरळ सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये जी मुदत प्रसिद्ध केली, तिच्यात स्वतंत्र चालण्याचा काळ साधारण ८ ते साडेसतरा महिने असा आहे. म्हणजे नऊ महिन्यांना चाललेलं मूल हुशार नाही आणि सोळा महिन्यांना चाललेलं मठ्ठ नाही. त्याच अभ्यासात शंभरातली चारेक मुलं कधी रांगलीच नाहीत, तरी चालली. पण १८ महिने उलटून मूल एकटं चालत नसेल तर वाट बघायची नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. मुलगा असो की मुलगी. काकांच्या वेळी कोणी तपासलं नव्हतं, एवढाच त्या गोष्टीचा अर्थ.

जाताना एक काम करा. तो सोफ्याला धरून सरकतो तेव्हाचा, आणि जमिनीवरून उठून उभा राहतो तेव्हाचा व्हिडिओ घ्या. दवाखान्यात मुलं काहीच करून दाखवत नाहीत. दोन्ही पाय सारखे वापरतो का, टाचा टेकतात का, एकच हात सारखा पुढे करतो का, आधी करत असलेलं काही करायचं सोडलंय का, हे डॉक्टर विचारतील, ते बघून ठेवा.

खर्चाची काळजी असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून, जो २०१३ पासून आहे, जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारी) चालवतात. तपासणी आणि थेरपी तिथे मोफत असते. अंगणवाडी सेविकेला किंवा जिल्हा रुग्णालयात विचारलंत तरी रस्ता सांगतील.

आणि तुम्ही दोघांनी काही चुकीचं केलेलं नाही.

---

निळाई | ११ जुलै, सकाळी ८:०५

@शून्यप्रहर, आजच अपॉइंटमेंट घ्या. आणि बायकोला सांगा इथल्या पाच-पन्नास जणी तिच्याबरोबर आहेत.

(वॉकर मी माळ्यावर टाकलाय. दुसऱ्याच्या वेळी बघू म्हणून नाही, टाकलाय.)

---

जुनी_बालवाडी | १२ जुलै, दुपारी ४:१५

मी तीस वर्षं बालवाडीत होते, आता निवृत्त. वरचं सगळं वाचून हसू आलं. टब ढकलणं, मेथी खुडणं, पाणी भरणं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा, आणि नंतर अनुताई वाघांबरोबर कोसबाडला, विकत आणलेली साधनं परवडणारी नव्हती. मग बिया, काटक्या, शिंपले, माती हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, आज आपण अंगणवाडी म्हणतो ती कल्पना तिथली.

आमच्या वर्गात सगळ्यात लाडका खेळ पाण्याचा. एक पातेलं भरलेलं, एक रिकामं, आणि मधे स्पंजचा तुकडा. बुडवायचा, उचलून न्यायचा, पिळायचा. दोन वर्षांच्या मुलाला पिळता येत नाही, तो नुसता दाबतो आणि अर्धं पाणी स्वतःच्या अंगावर. पण महिन्याभराने मनगट वळायला लागतं, आणि मग बरणीचं झाकणही फिरवता येतं. पुढे पेन्सिल धरणारा हात हाच असतो. बाथरूममध्ये करा, म्हणजे पुसापुशी नाही. मात्र पाणी असेल तिथून मोठ्या माणसाने एक मिनिटही हलायचं नाही, दाराची बेल वाजली तरी. खेळ झाला की बादली पालथी. चार बोटं पाण्यातही मूल बुडतं.

आणि माझी एक तक्रार. आताच्या आया फार शिकवतात. मूल पाणी ओततंय, आई शेजारी "फुल, एम्प्टी, फुल, एम्प्टी". अगं, ओतू दे ना त्याला.

---

खारुताई | १२ जुलै, दुपारी ५:००

शेवटच्या परिच्छेदाला +१००. स्वतःकडे बोट करून.

---

वेळापत्रक | १२ जुलै, रात्री ८:३०

मला थोडा वेगळा सूर लावायचाय. सगळं "आपोआप होऊ द्या" म्हणणं सोपं आहे. मी नोकरी करते, साडेसातला घरी येते, माझ्याकडे झोपेपर्यंत दीड तास असतो. मी ठरवून खेळते. सोमवारी गादी, मंगळवारी पाणी, असं फ्रिजवर लिहून ठेवलंय. लोक हसतात. पण लिहिलं नसतं तर तो दीड तास माझ्या मोबाईलमध्ये आणि त्याच्या कार्टूनमध्ये गेला असता. दोन वर्षांपर्यंत स्क्रीन शक्यतो नकोच म्हणतात, पण ती काढून घेतल्यावर त्या जागी काय ठेवायचं ते कोणी सांगत नाही.

---

जुनी_बालवाडी | १३ जुलै, सकाळी ९:२०

@वेळापत्रक, तुमचं बरोबर आहे. मी दिवसभर मुलांबरोबर असायचे, माझ्याकडे वेळ होता म्हणून मला हे बोलता येतं. फ्रिजवरचा कागद राहू द्या.

---

चंपक_चाळीसगावकर | १३ जुलै, सकाळी १०:०१

उड्या मारायला कधी शिकवायचं? नात दोन वर्षांची झाली, मी बेडूकउड्या दाखवतो, ती खाली बसते, जोर काढते, उठून उभी राहते आणि टाळ्या वाजवते. पाय जमिनीवरच. (माझी कंबर मात्र गेली.)

---

गुडघ्यावर_बाई | १३ जुलै, दुपारी १:१५

दोन्ही पाय एकदम उचलून उडी साधारण अडीच वर्षांच्या आसपास जमते. तिचं बरोबर चाललंय, टाळ्या वाजवत राहा. आधी उंचावरून खाली उडी सोपी जाते: चार-पाच इंचांची गादी, खाली सतरंजी, तुम्ही समोर दोन्ही हात देऊन. चेंडूही तसाच. दीड वर्षाचं मूल फेकतं, दोनच्या आसपास लाथ मारतं, पण झेलणं तीन-चार वर्षांशिवाय जमत नाही. तोवर घरंगळवत द्या. बेडूकउड्या तुम्ही बंद करा.

---

ओलीसुकी | २ ऑगस्ट, रात्री ११:१०

धागा वर काढतेय, हिशेब द्यायला.

गादी खाली आली. नवऱ्याची पाठ दुखते म्हणतो, पण झोपतो. "पाय आधी" पाचव्या दिवशी जमलं, आणि आता चिऊ सपाट फरशीवर, काही कारण नसताना, मधेच थांबून उलटी वळते, पोटावर आडवी होते आणि "पाया दी" म्हणून मागे सरकते. उंबरठ्यावरही तेच. दोन इंचांचा उंबरठा आहे, त्याला एवढा सोहळा.

जे फसलं तेही सांगते. राजमा-चवळी वेगळे करायचा खेळ कुठेतरी पाहिला होता, केला. साबा समोर बसल्या होत्या, मी समोर बसले होते, तरी एक राजमा नाकात गेला. रात्री साडेनऊला दवाखाना. डॉक्टरांनी काढला आणि एवढंच म्हणाले, "तीन वर्षांपर्यंत दाणे नकोत." कंदील दादा, तुम्ही आधीच सांगितलं होतं, मी वाचून विसरले. आता बटाटे, कांदे आणि लिंबं वेगळी करते. परातीत बटाटे आणि टोपलीत कांदे, एकेक उचलून. लिंबू चाटते.

साबुणफुगे फरशीवर फोडायला गेलो, फरशी निसरडी झाली, मीच पडले.

सोफ्यामागची खिडकी: ती चढायला शिकली म्हटल्यावर सोफा तिथून हलवला, स्टूल बाथरूममध्ये बंद. हे आधी कोणी सांगितलं नाही, आता मी सांगतेय. चढायला शिकवलंत की खिडकीखालचं सगळं त्याच दिवशी हलवा.

खालच्या काकूंना वर चहाला बोलावलं. त्यांना नाईट ड्यूटीच्या मुलाची झोप मोडते म्हणून अडचण होती, हे आम्हाला माहीतच नव्हतं. दीड ते चार आता पाणी आणि कणीक, बाकी वेळ गादी.

---

शून्यप्रहर | ४ ऑगस्ट, रात्री १२:२०

आम्ही गेलो होतो. स्नायू जरा सैल आहेत म्हणाले, काही तपासण्या झाल्या, काही व्हायच्या आहेत. थेरपी आठवड्यातून दोनदा. घरी करायला जे दिलंय ते इतकं साधं आहे की मला आधी राग आला. देवघरातला पाट उंच करून घेतला, म्हणजे तो बसला की तळपाय पूर्ण टेकतील आणि गुडघे काटकोनात येतील. समोर सोफ्यावर त्याची गाडी. हवी असेल तर पाटावरून उठायचं. मी मागे बसतो, हात फक्त त्याच्या कंबरेपाशी, धरायचं नाही. रोज तीन वेळा, दहा-दहा.

काल पाटावरून उठला, गाडी घेतली आणि गाडी दोन्ही हातांत असल्यामुळे सोफा धरायचा विसरला. तीनेक सेकंद. मग खाली बसला. बायकोने पाहिलं नाही, ती कुकर बंद करायला गेली होती. तिला सांगितलं तर म्हणते परत करून दाखव.

---

गुडघ्यावर_बाई | ४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

दोन्ही हातांत मोठं काहीतरी देत राहा. उशी द्या, चेंडू द्या.

---

निळाई | ४ ऑगस्ट, सकाळी ११:४०

पांगुळगाडा पुण्यात कुठे मिळेल? भाचीसाठी हवाय.

---

बोरकूट | ४ ऑगस्ट, दुपारी १२:१५

पुण्याचं मला माहीत नाही. गणपतीला सावंतवाडीस जाणार आहे, चितारआळीतून आणतो. पण तांदूळ आणि सायकलची ट्यूब तुमची.